अकरा दिवसांचे गव्हर्नर

पायरीवरून : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त वकिलाची उत्तरं

प्रश्न : वकीलसाहेब, नमस्कार. माझा धाकटा मुलगा बारा वर्षं अमेरिकेत आहे, कॅन्सस राज्यात ओव्हरलँड पार्कला. गेल्या वर्षी त्याला तिथलं नागरिकत्व मिळालं. आता त्याच्याकडे एक पत्रक आलंय. न्यायाधीश जनतेने निवडून द्यायचे का, यावर ऑगस्टमध्ये मतदान आहे म्हणे. तो सांगतो, अपील कोर्टाच्या न्यायाधीशांची पद्धत तिथे एकदा बदलून झालीय, आता हे दुसरं. फोनवर मलाच विचारतो, ‘आई, तुला काय वाटतं?’ मला काय वाटणार? आमचा जमिनीचा दावा तीन कोर्टांत मिळून अठरा वर्षं चालला, पण समोर बसलेल्या साहेबांना तिथे कोणी बसवलं हे आम्ही कधी विचारलं नाही. जरा समजावून सांगाल का? आणि तो कुठल्याच पक्षात नोंदलेला नाही, मग ऑगस्टमध्ये त्याला मत देता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, ‘आम्ही कधी विचारलं नाही’ हे तुमचं वाक्य मला लागलं. एकोणचाळीस वर्षं मी सातारा जिल्ह्यात वकिली केली, मीही कधी विचारलं नाही. नवे साहेब आले की वकिलांच्या बार रूममध्ये चौकशी दोनच गोष्टींची व्हायची : कुठून बदलून आले, आणि तारीख देतात की कागद फेकतात.

कॅन्सस मला थोडं ठाऊक आहे ते पुतणीमुळे. ती ओलेथला असते, तुमच्या मुलाच्या शेजारच्याच गावात. दोन उन्हाळे मी तिच्याकडे काढलेत. दुसऱ्या खेपेला हट्टाने टोपेकाला गेलो. ती राज्याची राजधानी, मोटारीने तासाभराच्या वाटेवर. पुतणीला वाटलं, मला विधानभवनाचा घुमट बघायचाय. मला कोर्ट बघायचं होतं. तिथल्या न्यायभवनात पांढऱ्या संगमरवराची एक भलीमोठी मूर्ती आहे : गुडघे टेकून बसलेली बाई आणि तिने वर धरलेला ससाणा. ही तिथली न्यायदेवता. आपली उभी असते, हातात तराजू घेऊन. ही बसलेली, आणि हातात शिकारी पक्षी. मी बराच वेळ बघत राहिलो, पुतणी घड्याळ बघत राहिली.

आधी एक गुंता सोडवतो. त्या इमारतीत कोर्टं दोन आहेत. खालचं ‘कोर्ट ऑफ अपील्स’, न्यायाधीश चौदा. तिघा-तिघांची पीठं करून अपिलं ऐकतात. त्याच्यावर राज्याचं सर्वोच्च न्यायालय, न्यायमूर्ती सात. (हो, तिथे प्रत्येक राज्याला स्वतःचं सर्वोच्च न्यायालय असतं.) मुलाला आलेलं पत्रक वरच्या कोर्टाबद्दल आहे. पद्धत बदलून झालीय ती खालच्याची, २०१३ साली. एकाचं समजल्याशिवाय दुसऱ्याचं समजत नाही, म्हणून थोडं मागून येतो.

पूर्वी कॅन्ससमध्ये न्यायमूर्ती निवडणुकीनेच यायचे. आता पुन्हा ज्या पद्धतीवर मत मागतायत, ती तिथली जुनीच पद्धत. ती का सोडली, याची गोष्ट तुमच्या मुलाला जरूर सांगा. १९५६ साली फ्रेड हॉल म्हणून गव्हर्नर होते (तिथला गव्हर्नर म्हणजे लोकांनी निवडून दिलेला राज्याचा प्रमुख), रिपब्लिकन. ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, त्यांना त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी घरी बसवलं. आपल्याकडे विद्यमान आमदाराचं तिकीट कापतात, तसंच. फक्त कापणारा मतदार. नोव्हेंबरात गव्हर्नरपद विरोधी पक्षाचे जॉर्ज डॉकिंग यांनी जिंकलं. त्यांनी खुर्चीत बसायचं ते जानेवारीच्या मध्याला. इकडे सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती विल्यम स्मिथ आजारी, पायउतार व्हायच्या विचारात, आणि हॉल यांच्या बाजूचे. मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली तर ती भरायची गव्हर्नरने. म्हणजे स्मिथ पंधरा दिवस थांबले असते, तर नेमणूक डॉकिंग यांच्या हातात गेली असती.

स्मिथ थांबले नाहीत. वर्ष संपता संपता त्यांनी राजीनामा दिला. ३ जानेवारी १९५७ ला गव्हर्नर हॉल यांनीही दिला. उपगव्हर्नर जॉन मॅकुईश आपोआप गव्हर्नर झाले आणि रिकाम्या न्यायमूर्तिपदावर त्यांनी नेमलं ते फ्रेड हॉल यांनाच! मॅकुईश यांची कारकीर्द अकरा दिवसांची. त्यात नाव राहील असं काम एवढं एकच. बेसबॉलमध्ये एकाच फटक्यात तीन गडी बाद होतात त्याला ‘ट्रिपल प्ले’ म्हणतात. कॅन्ससच्या लोकांनी या प्रकरणाला तेच नाव ठेवलं, आजही तेच चालतं. आमच्या गावाकडे याला वेगळं नाव मिळालं असतं, पण ते मासिकात छापता येणार नाही.

लोक चिडले. १९५८ मध्ये मतदारांनी राज्यघटनाच दुरुस्त केली आणि सर्वोच्च न्यायालयासाठी नऊ जणांची समिती आली. चार सामान्य नागरिक, ते गव्हर्नर नेमतो. चार वकील, ते वकील मंडळी आपापल्या भागातून निवडून देतात. अध्यक्षही वकीलच, त्यांना राज्यभरातले वकील निवडतात. जागा रिकामी झाली की इच्छुक अर्ज करतात, समिती त्यातून तीन नावं काढते, आणि गव्हर्नरला त्या तिघांतूनच एक उचलावं लागतं. ही तऱ्हा शेजारच्या मिसुरीची. तिथे कॅन्सस सिटीचं राजकारण टॉम पेंडरगास्ट नावाच्या दादाच्या मुठीत होतं, कोर्टंही त्यातून सुटली नव्हती. त्याला वैतागून मिसुरीने १९४० मध्ये ही पद्धत काढली.

नेमणूक झाली म्हणजे कायमची खुर्ची, असं मात्र नाही. ठरावीक वर्षांनी न्यायाधीशाचं नाव मतपत्रिकेवर येतं. समोर उमेदवार कोणी नसतो. प्रश्न एकच : अमुक न्यायाधीशांना पदावर ठेवावं का? हो किंवा नाही. सर्वोच्च न्यायालयाला ही परीक्षा सहा वर्षांनी, अपील कोर्टाला चार वर्षांनी. पुतणीने मला तिची नमुना मतपत्रिका दाखवली होती. न्यायाधीशांची नावं अगदी शेवटी. मी विचारलं, ‘यातल्या कोणाकोणाला ओळखतेस?’ म्हणाली, ‘एकालाही नाही.’ ‘मग काय केलंस?’ ‘सगळ्यांना हो. कोणाचं उगाच वाईट कशाला करायचं?’

बहुतेक मतदार तिच्यासारखेच असावेत. २०१६ मध्ये चार न्यायमूर्तींना पाडायची जोरदार मोहीम झाली, चौघंही टिकले.

आता २०१३. अपील कोर्ट १९७७ मध्ये सुरू झालं ते साध्या कायद्याने. त्याच्या नेमणुकाही त्याच नऊ जणांच्या समितीमार्फत व्हायच्या, पण तसं घटनेत लिहिलेलं नव्हतं, कायद्यात होतं. ही बारीक गोष्ट पुढे फार मोठी झाली. शाळांना राज्याने पुरेसा पैसा द्यावा, असे निकाल सर्वोच्च न्यायालय वर्षानुवर्षं देत होतं आणि विधिमंडळातल्या बऱ्याच जणांना ते खुपत होतं. गव्हर्नर सॅम ब्राऊनबॅक यांना समितीची पद्धतच मोडायची होती. २०१२ च्या प्रायमरीत त्यांच्या पक्षातले बरेच मवाळ सिनेटर पडले आणि सिनेट, म्हणजे राज्याचं वरचं सभागृह, त्यांच्या बाजूला आलं. पण घटनादुरुस्ती लोकांपुढे न्यायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश लागतात, आणि खालच्या सभागृहात तेवढे जमेनात. मग सर्वोच्च न्यायालय राहू दिलं आणि अपील कोर्टाचा कायदा बदलला. त्याला साधं बहुमत पुरे. १ जुलै २०१३ पासून अपील कोर्टासाठी समिती गेली. गव्हर्नरने नाव सुचवायचं, सिनेटने मंजूर करायचं. वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष आणि सिनेट करतात तसं.

समर्थकांचं म्हणणं सरळ होतं : नाव कोणी दिलं ते लोकांना दिसेल, चुकलं तर गव्हर्नरला मतपेटीत जाब विचारता येईल. ऐकायला बरं वाटतं. पण पहिल्याच नेमणुकीला ब्राऊनबॅक यांनी अर्ज कोणाकोणाचे आले हे सांगायला नकार दिला. जुन्या पद्धतीत अर्जदारांची नावं जाहीर व्हायची. आणि निवड झाली कॅलेब स्टेगल यांची. ते गव्हर्नरांच्याच कार्यालयातले मुख्य कायदा सल्लागार होते! माणूस हुशार असेलही, मला त्यावर बोलायचं नाही. पण आपल्याच हाताखालच्या माणसाला न्यायाधीश करताना रांगेत आणखी कोण उभं होतं ते झाकून ठेवायचं, हे मला आजही पटत नाही.

मग २०१९. गव्हर्नर आता लॉरा केली, डेमोक्रॅट, सिनेट रिपब्लिकनांचं. केली यांनी कायद्यात नसतानाही जुन्या वळणाची एक समिती नेमली, नावं मागवली, आणि त्यातून जिल्हा न्यायाधीश जेफ्री जॅक यांचं नाव सिनेटकडे धाडलं. मागोमाग त्यांची जुनी ट्विटं बाहेर आली. राजकीय आणि शिवराळ. म्हणजे समितीची चाळणी असूनही खडा आलाच. केली यांनी नाव मागे घेतलं. पण नाव मागे कसं घ्यायचं हे नव्या कायद्यात कुठे लिहिलेलंच नव्हतं! गव्हर्नरला नाव द्यायला साठ दिवस. तेवढ्यात दिलं नाही तर तो अधिकार मुख्य न्यायमूर्तींकडे जातो. दिलेलं नाव परत घेतलं तर? प्रकरण गेलं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात. तिथे ठरलं की नाव परत घेता येत नाही, सिनेटने मतदान करावं. सिनेटने केलं : बाजूने शून्य, विरोधात अडतीस. ज्या माणसाला आणणाऱ्यालाही तो नको होता, त्याच्यावर भर सभागृहात मत टाकलं गेलं. कायदा घाईने लिहिला की असं होतं. आमच्या सिनियरांचं एक वाक्य होतं, ‘दाव्यात काय मागायचं हे सगळ्यांना कळतं, काय मागायचं राहिलं हे उलटतपासात कळतं.’

त्या शून्य-अडतीसवर मी इतका का थांबलो ते पुढच्या प्रश्नात येईल.

आता मुलाचं पत्रक. मार्च २०२५ मध्ये विधिमंडळाने ठरवलं की सर्वोच्च न्यायालयाची समिती बरखास्त करून सातही न्यायमूर्ती थेट मतदारांनी निवडावेत का, हे लोकांना विचारायचं. तारीख ४ ऑगस्ट २०२६. ‘हो’ जिंकलं तर २०२८ पासून टप्प्याटप्प्याने निवडणुका. अपील कोर्टाला याचा स्पर्श नाही, तिथे २०१३ चीच पद्धत राहील.

बदल मागणाऱ्यांचा एक मुद्दा मी वकील असूनही मान्य करतो : नऊपैकी पाच जण वकिलांनीच निवडलेले. सामान्य माणसाने म्हटलं की ही तुमची आपापसातली सोय आहे, तर त्याला एकदम खोटं पाडता येत नाही. बारच्या, म्हणजे वकील संघटनेच्या, निवडणुका मी जवळून पाहिल्यात. एका वर्षी उपाध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांनी एकाच संध्याकाळी दोन ढाब्यांवर जेवण ठेवलं होतं. निम्मे मतदार दोन्हीकडे जेवून आले, आणि मीही त्यातलाच.

पण थेट निवडणुकीला पैसा लागतो आणि तो कोणाकडून तरी घ्यावा लागतो. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीविरुद्ध पाच कोटी डॉलरचा निकाल लागला. अपील व्हायचंच होतं, आणि मध्ये आली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक. कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवाराला निवडून आणायला तीसेक लाख डॉलर ओतले. तो जिंकला, त्या अपिलावर बसला, आणि तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल फिरला. त्या न्यायमूर्तींनी बाजूला व्हायला हवं होतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं, तेही पाच विरुद्ध चार! २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या एका न्यायमूर्तिपदाच्या निवडणुकीत सगळ्यांचा मिळून खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात गेला. तुमचा अठरा वर्षांचा दावा आठवा, ताई, आणि समोरच्या पार्टीने साहेबांच्या प्रचाराच्या मांडवाचा खर्च दिलाय अशी कल्पना करा. पैसे घेऊनही साहेब सरळ निकाल देतील कदाचित. पण हरल्यावर तुम्हाला झोप लागेल का?

उलट बाजूही सांगतो, नाहीतर पुतणी म्हणेल काकांनी एकतर्फी हुकूमनामा केला. कॅन्ससमध्येच जिल्हा पातळीवर दोन्ही तऱ्हा नांदतात. एकतीस न्यायिक जिल्हे. सतरांत समिती, चौदांत पक्षाच्या चिन्हावर निवडणूक. तुमच्या मुलाची जॉन्सन काउंटी समितीवाली. तिला लागून असलेल्या वायंडॉट काउंटीत आणि विचिटा शहराच्या काउंटीत जज्ज निवडून येतात. मधला रस्ता ओलांडला की पद्धत बदलते, आणि तिकडचे लोकही कोर्टात जातातच की. तरी मला विचाराल तर मी ‘नाही’वर शिक्का मारेन. समितीत वकील कमी करा, नागरिक वाढवा, मुलाखती लोकांसमोर घ्या. पण न्यायाधीशाला मत मागायला दारोदार पाठवू नका. मुलाला वेगळं वाटलं तर वाटू द्या, मत त्याचं आहे.

राहिला पक्षाचा प्रश्न. ऑगस्टमध्ये मुळात पक्षांच्या प्रायमरी असतात, त्यामुळे अपक्ष मतदारांना वाटतं आपलं तिथे काय काम. पण घटनादुरुस्तीच्या प्रश्नावर नोंदणी असलेल्या कुठल्याही मतदाराला मत देता येतं. २ ऑगस्ट २०२२ ला गर्भपाताच्या दुरुस्तीवर असंच मतदान झालं, अपक्षही मोठ्या संख्येने आले, आणि दुरुस्ती पडली. फक्त मतदार नोंदणी निवडणुकीच्या एकवीस दिवस आधी झालेली हवी. नागरिकत्व मिळालं म्हणजे नाव यादीत आपोआप आलं असं त्याने समजू नये.

प्रश्न : आमच्याकडे कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. तिथले न्यायमूर्ती वेगळे नेमतात का? त्या वेळी इथल्या बारला विचारतात का? – एक तरुण वकील, कोल्हापूर

उत्तर : नाही आणि नाही. १८ ऑगस्ट २०२५ ला बेंच सुरू झालं, त्यावर बसतात ते मुंबई उच्च न्यायालयाचेच न्यायमूर्ती. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्याला बसणारेही तेच. कोणी कुठे बसायचं हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. मंजूर पदं सगळी मिळून ९४.

नेमणुकीचा रस्ता तुम्ही परीक्षेसाठी पाठ केला असेल. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नावं सुचवतात. राज्य सरकारचं मत, केंद्राचं कायदा मंत्रालय, गुप्तचर खात्याचा अहवाल, मग सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम (सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ), शेवटी राष्ट्रपतींची सही. संसदेने हे बदलून सहा जणांचा आयोग आणला होता. त्यात सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन मान्यवर. कोणत्याही दोघांनी ‘नको’ म्हटलं की नाव पडायचं. १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. विरोधात एकटे न्यायमूर्ती चेलमेश्वर.

माझ्या सिनियरांना एकदा वरच्या कोर्टासाठी विचारणा झाली होती. त्यांनी हो म्हटलं. मी तेव्हा ज्युनियर. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, चालवलेल्या मोठ्या केसेसची यादी, छापून आलेल्या निकालांच्या प्रती हे सगळं मी स्वतः लावून निळ्या फायलीत घातलं, टॅग ओवला. फाईल गेली. त्यांनी नव्या केसेस घेणं कमी केलं, न जाणो बोलावणं आलं तर पक्षकार वाऱ्यावर नकोत. वर्ष गेलं, दुसरं गेलं. नाव कुठे अडलं, कोणी अडवलं, का अडवलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ‘नाही’ असं एक पत्रसुद्धा आलं नाही. ओलेथला पुतणीच्या स्वयंपाकघरात जॅक यांच्या शून्य-अडतीसची बातमी वाचताना मला ती निळी फाईल आठवली. भर सभेतली बेअब्रू वाईटच. पण त्या माणसाला त्या संध्याकाळी उत्तर मिळालं होतं, आणि नाही म्हणणाऱ्यांची नावं कामकाजात नोंदली गेली होती.

आपलं कॉलेजियम ऑक्टोबर २०१७ पासून ठराव संकेतस्थळावर टाकू लागलं. ते वाचत जा. कोणाचं नाव पुढे गेलं ते बहुधा कळतं, कोणाचं का मागे राहिलं ते फारसं नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नात खरी खोच आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे या बेंचखाली येतात. इथले दिवाणी बाजूचे चांगले वकील आजवर मुंबईच्या नजरेत फार यायचे नाहीत, कारण ते मुंबईत दिसायचेच नाहीत. आम्ही जायचो ते महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रीत, सकाळी वकिलाच्या ऑफिसात तोंड धुऊन, मॅटर बोर्डावर न येताच रात्रीच्या गाडीने परत. आता न्यायमूर्तीच तुमच्या गावात तुमचा युक्तिवाद ऐकतायत. उद्या नाव सुचवायला बसलेल्याला तुमचा चेहरा आठवू शकतो. बारला विचारण्याची तरतूद नाही, पण एवढा फरक पडलाय. सिनियर असते तर म्हणाले असते, फायलीला टॅग जरा मजबूत घे.